शालेय विषयांची इंग्रजी नावे आणि 'ए', 'ॲन' ही उपपदे

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आणि समोरच्या तीरावर अष्टमी ही जोडगावे वसलेली असून दोहोंची नगरपरिषद एकच आहे. जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे, आणि १९९८ साली संपूर्ण खुल्या झालेल्या कोकण रेल्वेचा प्रारंभही रोह्यापासूनच होतो. कारखाना, रेल्वे आणि मुंबईशी असलेला नित्याचा संबंध यांमुळे या परिसरातील सामान्य कुटुंबातही इंग्रजीचा कागद येतो. कधी तो नोकरीचा अर्ज असतो, कधी एखाद्या कंपनीकडून आलेले पत्र, तर कधी मुलाच्या वह्यापुस्तकांची यादी. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही शाळा सोडताना विद्यार्थ्याच्या लेखनात एक दोष हमखास राहून जातो. तो म्हणजे 'ए' व 'ॲन' या दोन लहानशा शब्दांचा चुकीचा वापर. मराठी व्याकरणकार या शब्दांना अनिश्चित उपपदे म्हणतात.

हा दोष सर्वांत अधिक आढळतो तो शालेय विषयांच्या नावांपाशी. 'गणित', 'इतिहास', 'विज्ञान', 'इंग्रजी' हे शब्द विद्यार्थ्याच्या तोंडी दिवसातून अनेकदा येतात. स्वतःविषयी इंग्रजीत दोन वाक्ये सांगावयाची झाली, तरी आवडता विषय आणि तो शिकविणारे शिक्षक यांचा उल्लेख त्यांत येतोच. अशा वेळी 'आय लाइक ए मॅथमॅटिक्स' आणि 'माय फादर इज सायन्स टीचर' अशी वाक्ये लिहिली जातात. पहिल्यात नको तेथे उपपद आले आहे, तर दुसऱ्यात हवे तेथे ते गळाले आहे. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे आणि ते समजून घेतल्यास उपायही फारसा अवघड नाही.

मराठीत उपपद का नाही?

मराठीत उपपद नाही याचा अर्थ मराठीत काही उणीव आहे असा नव्हे. संस्कृतात उपपदे नव्हती, लॅटिनमध्ये नव्हती आणि रशियन भाषेत आजही नाहीत. अरबीत निश्चित उपपद आहे, परंतु 'ए'सारखा स्वतंत्र शब्द नाही. प्राचीन ग्रीक भाषेचीही तीच स्थिती होती. फ्रेंच भाषेत तर शालेय विषयाच्या नावापूर्वी निश्चित उपपद लावण्याची रीत आहे. तेथे 'मला इतिहास आवडतो' हे वाक्य 'इतिहास' या शब्दाआधी उपपद घातल्यावाचून पुरे होत नाही. इंग्रजीत मात्र तेथे काहीच लागत नाही. म्हणजे ज्यांच्या भाषेत उपपदे आहेत त्यांनाही इंग्रजीची रीत नव्याने शिकावी लागते.

उपपद जे काम करते ते मराठी निराळ्या मार्गांनी साधते. 'मुलगा आला' असे म्हटले की ऐकणाऱ्यास माहीत असलेला मुलगा आला, आणि 'एक मुलगा आला' असे म्हटले की कोणी अपरिचित मुलगा आला, असा बोध होतो. गोष्टीच्या आरंभी येणाऱ्या 'एक होता राजा' या शब्दांतील 'एक' हा राजांची संख्या सांगण्यासाठी नसतो. ऐकणाऱ्यास अद्याप ठाऊक नसलेला कोणी राजा, एवढेच तो सुचवितो. इंग्रजीतील 'ए' व 'ॲन' यांचा जन्मही असाच झाला. जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा जो शब्द होता, त्यापासूनच आजचे 'वन' आणि 'ॲन' हे दोन्ही शब्द निघाले. मूळ रूप 'ॲन' हेच असून व्यंजनापूर्वी त्यातील 'न' गळाल्याने 'ए' हे रूप तयार झाले. स्वरापूर्वी 'न' जोडावा असा नियम शाळेत शिकविला जातो. इतिहास पाहता घडले ते उलट.

ही 'न'ची ये-जा इतकी सैल होती की काही शब्दांच्या सीमाच तिने बदलून टाकल्या. क्रिकेटच्या मैदानावरील 'अंपायर' हा शब्द पूर्वी 'न'ने आरंभ होणारा होता. उपपद आणि शब्द यांची जोड लोकांनी चुकीच्या ठिकाणी तोडली आणि शब्दाचा 'न' उपपदाकडे गेला. उलट 'निकनेम' या शब्दाच्या आरंभीचा 'न' हा मुळात उपपदाचा होता. ज्यांची ही मातृभाषा त्यांच्याकडूनच असे घडले आहे, हे शिक्षकांनी वर्गात सांगितल्यास विद्यार्थ्यांच्या मनावरील दडपण कमी होईल.

मराठीतील 'एक' आणि इंग्रजीतील 'ए' यांत मुख्य भेद असा की, मराठीत 'एक' वापरणे बहुधा ऐच्छिक असते. 'माझे वडील शिक्षक आहेत' या वाक्यात 'एक' घातला तर ते उलट कृत्रिम वाटते. इंग्रजीत मात्र एकवचनी गणनीय नाम मोकळे उभे राहू शकत नाही. त्याच्यापुढे 'ए', 'द', 'माय' यांसारखा एखादा शब्द असावाच लागतो. म्हणून 'माय फादर इज ए टीचर' असेच म्हणावे लागते.

विषयाचे नाव आणि विशेषनाम

शालेय विषयाचे नाव नाम म्हणून एकटे आले असता त्यापूर्वी अनिश्चित उपपद येत नाही, हा पहिला नियम होय. 'वी स्टडी हिस्टरी', 'शी टीचेस जिऑग्रफी', 'ही इज वीक इन मॅथमॅटिक्स', 'वी हॅव संस्कृत ऑन मंडे' ही सर्व वाक्ये उपपदाविनाच शुद्ध आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यास गेले. पुढे केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचे अध्ययन केले. हे इंग्रजीत सांगावयाचे तर 'ही स्टडीड बॉटनी, केमिस्ट्री अँड जिऑलॉजी ॲट केंब्रिज' असे सांगावे लागते. तीन विषय आले तरी उपपद एकही नाही. परंतु 'ही वॉज ए स्टुडंट ऑफ बॉटनी' असे म्हटले की 'ए' अवश्य येतो, कारण विद्यार्थी मोजता येतात आणि ते त्यांपैकी एक होते.

हा भेद अष्टमी या नावावरूनच समजावून देता येईल. अष्टमी हे गावाचे नाव म्हणून घेतले तर ते विशेषनाम होय. गाव एकच असल्याने 'ही लिव्ह्ज इन अष्टमी' या वाक्यात उपपद नाही. पण अष्टमी ही तिथीही आहे. चांद्रमासात शुद्ध व वद्य अशा दोन अष्टमी येतात, म्हणजे तिथी मोजता येते. तेव्हा एखादी घटना कोणत्या तरी अष्टमीस घडली असे इंग्रजीत सांगताना 'ऑन ॲन अष्टमी' असे म्हणावे लागेल. शब्द तोच असला तरी एकदा तो अद्वितीय वस्तूचे नाव असतो आणि एकदा अनेकांपैकी एकाचे. शालेय विषयाचे नाव गावाच्या नावासारखे वागते. इतिहास हा विषय एकच आहे. वर्गात 'दोन इतिहास' शिकविले जात नाहीत.

यावरून विद्यार्थ्यास 'दोन'ची कसोटी देता येते. ज्या शब्दापूर्वी त्याच अर्थाने 'दोन' घालता येतो, त्याच शब्दापूर्वी 'ए' येऊ शकतो. 'दोन शिक्षक', 'दोन तास', 'दोन पेपर' असे म्हणता येते. म्हणून 'ए टीचर', 'ए पीरियड', 'ए पेपर' होते. 'दोन भूगोल' असे कोणी म्हणत नाही. म्हणून 'ए जिऑग्रफी' नाही.

'गणित' या शब्दातील अडचण

ही कसोटी मराठी विद्यार्थ्यास एके ठिकाणी चकविते. 'गणित' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ विषयाचा, आणि दुसरा त्या विषयातील एखाद्या उदाहरणाचा. 'बाईंनी पाच गणिते घातली, त्यांतील एक गणित सुटले नाही' असे मराठीत सहज म्हटले जाते. तेच इंग्रजीत उतरविताना विद्यार्थी 'आय कुड नॉट सॉल्व्ह ए मॅथमॅटिक्स' असे लिहितो. त्याचे व्याकरण मराठीच्या दृष्टीने बिनचूक आहे; चूक आहे ती शब्दाच्या निवडीत. इंग्रजीत विषयाला 'मॅथमॅटिक्स' आणि सोडवावयाच्या गणिताला 'सम' किंवा 'प्रॉब्लेम' म्हणतात. 'आय कुड नॉट सॉल्व्ह ए सम' असे लिहिले की वाक्य शुद्ध होते. अशा ठिकाणी वहीत केवळ 'ए'वर तांबडी रेघ ओढल्याने विद्यार्थ्यास काहीच कळत नाही. दोन अर्थांसाठी दोन शब्द आहेत, हे त्यास सांगावे लागते.

याच शब्दाच्या शेवटी असलेल्या 'स' या ध्वनीमुळे आणखी एक घोटाळा होतो. 'मॅथमॅटिक्स', 'फिजिक्स', 'इकॉनॉमिक्स', 'सिव्हिक्स' ही नावे दिसण्यात अनेकवचनी असली तरी विषय म्हणून त्यांचे क्रियापद एकवचनी असते. 'मॅथमॅटिक्स इज माय फेव्हरिट सब्जेक्ट' असे म्हणावे, 'आर' म्हणू नये.

चित्रकलेची स्थिती याच्या उलट आहे. मराठीत 'चित्रकला' आणि 'चित्र' हे दोन शब्द भिन्न आहेत, पण इंग्रजीत 'ड्रॉइंग' हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. 'शी टीचेस ड्रॉइंग' म्हणजे ती चित्रकला शिकविते. 'शी मेड ए ड्रॉइंग' म्हणजे तिने एक चित्र काढले. येथे उपपद असणे वा नसणे यावरच संपूर्ण अर्थ अवलंबून आहे. इतिहासाचेही तसेच आहे. विषय म्हणून 'हिस्टरी' एकटा येतो, पण रायगड जिल्ह्याचा इतिहास सांगणारा एखादा ग्रंथ 'ए हिस्टरी ऑफ रायगड डिस्ट्रिक्ट' असू शकतो, कारण एकाच जिल्ह्याचे अनेक इतिहास लिहिले जाऊ शकतात. 'बॉटनी इज ए सायन्स' या वाक्यातील 'सायन्स' हा शब्दही विषयाचे नाव नसून अनेक शास्त्रांपैकी एक शास्त्र या अर्थाचा आहे.

विषयाचे नाव विशेषणाच्या जागी

दुसरा नियम अधिक उपयोगाचा आहे. विषयाचे नाव दुसऱ्या नामास जोडून आले की उपपद येते, परंतु ते विषयाचे नसून पुढील नामाचे असते. 'ए सायन्स टीचर', 'ए मराठी पोएम', 'ए हिस्टरी बुक', 'ॲन इंग्लिश पीरियड' यांतील उपपद शिक्षक, कविता, पुस्तक आणि तास यांच्याशी निगडित आहे. मधल्या विषयाशी त्याचा अर्थाने संबंध नाही.

मराठी विद्यार्थ्यास ही रचना अपरिचित नाही. 'चांगला गणिताचा शिक्षक', 'चांगली गणिताची वही', 'चांगले गणिताचे पुस्तक' या शब्दसमूहांत 'चांगला' हे विशेषण गणिताला ओलांडून शिक्षकाशी, वहीशी व पुस्तकाशी लिंगवचनाने जुळते. मध्ये कोणता विषय आला याने काही बदलत नाही. 'ए सायन्स टीचर' यातील 'ए'देखील असाच मधल्या शब्दास ओलांडून 'टीचर'पर्यंत पोहोचतो. ही तुलना फळ्यावर मांडून दाखविल्यास 'सायन्सला ए लागत नाही म्हणता, मग येथे का लागला?' या विद्यार्थ्यांच्या स्वाभाविक शंकेचे निरसन होते.

मराठीत 'आज गणिताचा पेपर आहे' असे म्हणतात. त्याचे 'टुडे इज मॅथ्स पेपर' असे शब्दशः रूपांतर होते. शुद्ध वाक्य 'देअर इज ए मॅथ्स पेपर टुडे' असे होईल. 'पेपर' हा शब्द गाळून 'वी हॅव मॅथ्स टुडे' म्हटले, तर मात्र उपपदही जाते. नाम गेले की त्याचे उपपदही त्याच्याबरोबर जाते, हे येथे ध्यानात यावे.

'ॲन इंग्लिश टीचर' या शब्दांत एक विशेष गोम आहे. त्यांचा अर्थ इंग्रजी शिकविणारा शिक्षक असाही होतो आणि इंग्रज असलेला शिक्षक असाही होतो. बोलताना 'इंग्लिश'वर आघात दिला तर विषय समजावा, 'टीचर'वर दिला तर राष्ट्रीयत्व समजावे. लेखनात आघात दिसत नसल्याने संदेह टाळण्यासाठी 'ए टीचर ऑफ इंग्लिश' अशी रचना करणे इष्ट. मराठीत 'इंग्रजीचा शिक्षक' आणि 'इंग्रज शिक्षक' हे शब्दच निराळे असल्याने असा संदेह उत्पन्न होत नाही.

'ए' की 'ॲन'? देवनागरीची कसोटी

उपपद कोणत्या नामाचे हे अर्थावरून ठरते, पण त्याचे रूप 'ए' घ्यावे की 'ॲन' हे लगेच पुढे येणाऱ्या ध्वनीवरून ठरते. शाळेत पाच इंग्रजी स्वराक्षरे पाठ करून घेतात आणि त्यांपैकी अक्षर आले की 'ॲन' लावावयास सांगतात. हा नियम अपुरा आहे, कारण रोमन लिपीतील अक्षर आणि उच्चारातील ध्वनी यांची नेहमीच जुळणी होत नाही.

येथे मराठी विद्यार्थ्याजवळ एक उत्तम साधन आहे. शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'ए'. 'युनिव्हर्सिटी', 'युनिट', 'युरोपियन' हे शब्द देवनागरीत 'य'ने आरंभ होतात. म्हणून 'ए युनिट टेस्ट', 'ए युरोपियन हिस्टरी बुक'. 'वन' हा शब्द 'व'ने आरंभ होतो. म्हणून 'ए वन-टीचर स्कूल'. उलट 'अवर' व 'ऑनेस्ट' या शब्दांच्या रोमन लेखनात आरंभी मूक व्यंजन असले तरी देवनागरीत ते उघड उघड स्वराने सुरू होतात. म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन'. जी गोष्ट रोमन लिपी झाकून ठेवते ती देवनागरी दाखवून देते.

शालेय विषयांना ही कसोटी लावली असता इंग्लिश, उर्दू, अरिथमॅटिक, अल्जिब्रा, इकॉनॉमिक्स, आर्ट, ॲग्रिकल्चर यांच्यापूर्वी 'ॲन' येते. मराठी, हिंदी, संस्कृत, सायन्स, हिस्टरी, जिऑग्रफी, जॉमेट्री, सिव्हिक्स यांच्यापूर्वी 'ए' येतो. 'ॲन अल्जिब्रा पेपर' परंतु 'ए जॉमेट्री पेपर'. 'ॲन उर्दू स्कूल' परंतु 'ए मराठी स्कूल'. गावाच्या नावांनाही हेच लागू आहे: 'ॲन अष्टमी स्कूल', 'ए रोहा स्कूल', 'ॲन अलिबाग कॉलेज', 'ए पेण कॉलेज'. मध्ये दुसरे विशेषण आले तर रूप त्यावरून ठरते: 'ॲन इंग्लिश टीचर', पण 'ए गुड इंग्लिश टीचर', 'ए सायन्स टीचर', पण 'ॲन एक्सलंट सायन्स टीचर'.

कार्यालयीन लेखनात संक्षेपांमुळे अडचण येते. तेथेही उच्चारच प्रमाण मानावा. 'एस.एस.सी.' हा संक्षेप 'ए' या स्वराने सुरू होतो. म्हणून 'ॲन एस.एस.सी. सर्टिफिकेट'. तेच नाव विस्ताराने लिहिले की 'स' हे व्यंजन आरंभी येते. म्हणून 'ए सेकंडरी स्कूल सर्टिफिकेट'. 'ॲन एच.एस.सी. स्टुडंट', 'ॲन एम.ए. इन मराठी', 'ॲन एम.एल.ए.', 'ॲन आय.एस.ओ. सर्टिफिकेट' हे एका बाजूस, 'ए बी.एड. डिग्री', 'ए डी.एड. कॉलेज', 'ए यू.जी.सी. ग्रँट', 'ए झेड.पी. स्कूल' हे दुसऱ्या बाजूस. 'यू.जी.सी.'चा उच्चार 'य'ने होतो हे विशेष लक्षात ठेवावे.

या कसोटीस एक पथ्य आहे. देवनागरीत लिहिलेला उच्चार प्रमाण असला पाहिजे. काही ठिकाणी बोलण्यात 'एम.ए.'चे 'येम.ए.' होते, तर 'अवर'चे 'हवर' होते. अशा उच्चारावरून उपपद ठरविले तर ते चुकेल. म्हणून आधी उच्चार आणि मग उपपद, असा क्रम शिक्षकांनी राखावा. 'हिस्टॉरिकल' या शब्दापूर्वी जुन्या पुस्तकांत 'ॲन' आढळते. पहिल्या अवयवावर आघात नसल्याने तेथील 'ह' दुबळा होई, त्याचा हा अवशेष आहे. आज 'ए हिस्टॉरिकल प्लेस' हेच रूप शाळेत शिकवावे.

जेथे एका 'ए'ने अर्थ पालटतो

उपपद चुकले तरी आशय कळतो, मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. पुष्कळ ठिकाणी आशय कळतो हे खरे. परंतु काही ठिकाणी 'ए' असण्या-नसण्याने वस्तुस्थितीच बदलते, आणि त्यांतील बरीचशी ठिकाणे शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या व्यवहारातील आहेत.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. तथापि केंद्रीय संस्था, परप्रांतातील कार्यालये आणि कंपन्यांचे सामाजिक दायित्व निधी यांच्याशी पत्रव्यवहार करताना इंग्रजीचा आश्रय पुष्कळदा घ्यावा लागतो. समजा, एखाद्या शाळेच्या व्यवस्थापन समितीने एका कंपनीस पत्र लिहून विज्ञान आणि गणित या विषयांसाठी दोन शिक्षकांच्या मानधनाची मागणी केली. पत्रात 'वी नीड ए सायन्स अँड मॅथमॅटिक्स टीचर' असे लिहिले, तर वाचणारा एकच शिक्षक समजेल, जो दोन्ही विषय शिकवील. दोन शिक्षक हवे असतील तर 'ए सायन्स टीचर अँड ए मॅथमॅटिक्स टीचर' असे उपपद व नाम दोन्ही पुन्हा लिहावयास हवेत. समितीच्या मनात दोन पदे आणि कागदावर एक पद, असा प्रकार एका गळालेल्या उपपदाने घडू शकतो. संख्येविषयी यत्किंचितही शंका असेल तेथे 'टू टीचर्स, वन फॉर सायन्स अँड वन फॉर मॅथमॅटिक्स' असे स्पष्ट लिहिणे सर्वांत निर्धोक.

शिफारसपत्रातील 'लिटल' हा शब्द याहून नाजूक आहे. 'शी नोज ए लिटल इंग्लिश' म्हणजे तिला थोडेफार इंग्रजी येते. 'शी नोज लिटल इंग्लिश' म्हणजे तिला इंग्रजी जवळजवळ येतच नाही. मराठीत 'थोडे येते' आणि 'फारसे येत नाही' यांत जे अंतर आहे, तेच येथे एकट्या 'ए'ने दाखविले जाते. मुलीचे भले व्हावे म्हणून लिहिलेल्या पत्रातून 'ए' गळाला, तर ते पत्र तिच्या विरुद्ध साक्ष देईल. येथील उपपद विषयाच्या नावाचे नसून 'ए लिटल' या जोडशब्दाचा भाग आहे. म्हणून पहिल्या नियमास त्याने बाध येत नाही.

गुणवर्णन करताना आणखी एक सूक्ष्म भेद पाळावा लागतो. 'नॉलेज' व 'एज्युकेशन' ही नामे एरव्ही मोजली जात नाहीत, परंतु विशेषण लागले असता त्यांच्यापूर्वी 'ए' येतो: 'ही हॅज ए गुड नॉलेज ऑफ संस्कृत', 'शी रिसीव्ह्ड ए गुड एज्युकेशन'. या नमुन्यावरून 'ही स्पीक्स ए गुड इंग्लिश' असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते अशुद्ध होय; 'ही स्पीक्स गुड इंग्लिश' असेच म्हणतात. 'होमवर्क', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'प्रोग्रेस' या शब्दांनाही विशेषण असो वा नसो, 'ए' किंवा 'ॲन' लागत नाही. हे शब्द प्रगतिपुस्तकात आणि कार्यालयीन टिपणीत वारंवार येत असल्याने त्यांची वेगळी यादी करून ठेवणे सोयीचे.

पाट्या, मथळे व तक्ते यांची रीत मात्र निराळी आहे. शाळेच्या नावाच्या पाटीवर किंवा 'टीचर वॉन्टेड' यासारख्या त्रोटक मथळ्यात उपपदे गाळण्याचा प्रघात आहे आणि तो शिष्टसंमत आहे. पाटीवरील भाषा पाहून विद्यार्थी तीच वाक्यात उतरवितो, हे लक्षात घेऊन वाक्याची रीत व पाटीची रीत वेगळी असल्याचे त्यास स्पष्ट सांगावे.

वर्गातील उपयोजन

या पाठासाठी निराळे साहित्य लागत नाही. प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असणारे वेळापत्रक हेच पुरेसे साधन आहे. त्यावरून पुढील क्रमाने सराव घेता येईल.

१. प्रथम केवळ विषय वाचून वाक्ये करावीत: 'वी हॅव मराठी ॲट इलेव्हन', 'वी हॅव सायन्स आफ्टर लंच'. येथे उपपद नाही.

२. नंतर तीच माहिती 'पीरियड' हा शब्द घालून सांगावी: 'देअर इज ए मराठी पीरियड ॲट इलेव्हन', 'देअर इज ॲन इंग्लिश पीरियड आफ्टर लंच'. येथे उपपद येते.

३. तिसऱ्या टप्प्यात विषय शिकविणाऱ्यांविषयी वाक्ये करावीत: 'शी टीचेस हिस्टरी', 'शी इज ए हिस्टरी टीचर'. एकाच व्यक्तीविषयी दोन वाक्ये जोडीने म्हटल्याने भेद कानास परिचित होतो.

४. शेवटी प्रत्येक विषयाचा उच्चार देवनागरीत लिहून पहिल्या अक्षराखाली रेघ मारावी आणि 'ए' की 'ॲन' हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे.

उच्चाराविषयी एक सूचना आवश्यक आहे. सहज बोलण्यात 'ए' या उपपदाचा उच्चार पुढील शब्दास चिकटून ऱ्हस्व 'अ'सारखा होतो. 'ए' असा पूर्ण उच्चार जोर द्यावयाचा असेल तेव्हाच करतात. विद्यार्थी इंग्रजी ऐकतो तेव्हा हा क्षीण 'अ' त्याच्या कानावरून निसटतो, आणि जे ऐकू आले नाही ते लेखनातही येत नाही. यास्तव शिक्षकांनी 'अ टीचर', 'अन इंग्लिश टीचर' असे स्वाभाविक उच्चारही वर्गात ऐकवावेत.

चुका तपासतानाही तारतम्य हवे. ज्यांच्या मातृभाषेत उपपद नाही अशा शिकणाऱ्यांना ते अंगवळणी पडण्यास दीर्घ काळ लागतो. प्राथमिक वर्गातील मुलाने 'माय फादर इज फार्मर' असे म्हटले, तर आधी त्याच्या बोलण्याचे स्वागत करावे आणि मग 'येस, युवर फादर इज ए फार्मर' असे उत्तरातूनच शुद्ध रूप ऐकवावे. घरी आगरी बोली किंवा कातकरी भाषा बोलणाऱ्या मुलास शाळेतील प्रमाण मराठीही शिकावीच लागते. इंग्रजी ही त्याची आणखी पुढची पायरी आहे. 'ए' चुकला म्हणून तो वर्गात हसण्याचा विषय झाला तर तो पुढे बोलावयाचेच सोडून देईल, आणि हे नुकसान चुकलेल्या उपपदाहून कितीतरी मोठे आहे. माध्यमिक वर्गात मात्र अचूकतेचा आग्रह क्रमाक्रमाने वाढवावा, कारण तेथून पुढे अर्ज, मुलाखत व स्पर्धा परीक्षा यांचा मार्ग सुरू होतो.

पंचायत सदस्यांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांनाही या कामी साहाय्य करता येईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याने या समित्यांना शाळेच्या कारभारात स्थान दिले आहे. इंग्रजी पत्र पाठविण्यापूर्वी, त्यातील पदे, विषय व संख्या यांचा उल्लेख असलेली वाक्ये शिक्षकांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत आणि त्यांचा मराठीत अर्थ विचारावा. जो अर्थ सांगितला गेला तोच ठरावात आहे काय, एवढे पाहणे इंग्रजी न येणाऱ्या सभासदासही शक्य आहे. ठरावात 'विज्ञानाचा एक व गणिताचा एक शिक्षक' असे असेल आणि इंग्रजी मसुद्यात एकच 'ए' असेल, तर ती चूक पत्र गावातून बाहेर पडण्यापूर्वीच दुरुस्त होईल.